फाटकबाईंची तिसरी खोली

तिचं आडनाव फाटक नव्हतं. पण शहराच्या त्या टोकाला, जिथं चांगल्या म्हणवणाऱ्या शाळा एकमेकींना पाठ लावून उभ्या होत्या, तिथं लहानथोर सगळे तिला फाटकबाईच म्हणायचे. बाई भाड्याच्या खोल्या दाखवायची, आणि अंतर सांगायची ते नेहमी शाळेच्या फाटकापासून. बाजार, दवाखाना, बसचा थांबा हे सगळं तिच्या लेखी नंतरचं.

"फाटकापासून बघा हो," ती म्हणायची. "हसतं पोर घेऊन निघालात तर दोन गल्ल्या. रडतं पोर ओढत निघालात तर त्याच दोन गल्ल्या दोन गावं होतात. घर घ्यायचं ते रडत्या पोराच्या अंतरानं."

आईबापांना हे लगेच पटायचं. प्रवेशाचे दिवस आले की बाईचा फोन तापून जायचा. जवळ राहणाऱ्यांची पोरं शाळा आधी घ्यायची, म्हणून ज्याला त्याला जवळच राहायचं असायचं. सकाळी दूधवाल्याच्या आधी कुणीतरी दारात उभं. मावशी, काहीतरी बघा. ताई, तुमच्याच भरवशावर आहोत. एक बँकेतला साहेब तर "आई" म्हणाला होता. त्या दिवसांत बाईला जेवढी भाचरं आणि लेकरं व्हायची, तेवढी कुणा रक्ताच्या माणसालाही होत नसतील. आणि सामान एकदा खोलीत पडलं की हीच लेकरं भाजीच्या गाडीवर मान वळवून कोथिंबीर निवडत उभी राहायची. गरज सरो नि वैद्य मरो.

"वाईट नाही वाटत?" शेजारच्या शिवणकामवालीनं एकदा विचारलं होतं.

"वाईट काय वाटायचंय? केस कापून झाल्यावर न्हाव्याला कुणी घरी घेऊन जातं का?"

बाईची धंद्याची एक रीत होती. ती नेहमी तीन खोल्या दाखवायची. पहिली अशी की गिऱ्हाइकाचं तोंड पडावं. दुसरी अशी की निदान आत पाय टाकावासा वाटावा. आणि तिसरी ती, जी त्याच्या गळ्यात घालायची तिनं आधीच ठरवलेलं असायचं. "चांगलं दिसायला आधी वाईट बघावं लागतं," असं ती म्हणायची. "पहिल्याच झटक्याला चांगली दाखवली तर माणूस म्हणतो, हिच्याहून चांगली पुढं असेल. नि मग बसतो पुढं पुढं बघत. लग्नं नाहीत का अशी राहून जात?"

लग्नाचं ती असं बोलायची म्हणून लोकांनी आपापला अर्थ लावून टाकला होता. कुणाला वाटायचं नवरा गेला असेल, कुणाला वाटायचं टाकून दिली असेल. विचारलं कुणीच नव्हतं. गिऱ्हाईक आपल्या पोराविषयी बोलायला आलेलं असतं, दलालाच्या नवऱ्याविषयी नव्हे.

नवरा होता. चांगला धडधाकट होता. फक्त इथं नव्हता.

तो नदीकाठच्या एका लहानशा गावात पाण्याच्या पंपावर होता. तिथले लोक त्याला पंपवाले म्हणायचे. पंपघराला लागूनच क्वार्टर. भिंतीला पाठ टेकली की पंपाची थरथर पाठीत उतरायची, ताटातलं पाणी सारखं शहारत राहायचं. जन्मभर त्या घरघरीवरून बोलून बोलून त्याचा आवाज एवढा चढला होता की तो कानात काही सांगायला लागला तरी पलीकडच्या काठावर कळायचं. माणूस मात्र मऊ. बायकोवर ओरडला असं कुणी म्हणू शकलं नसतं, कारण तो सगळ्यांशीच ओरडून बोलायचा.

मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा प्रश्न आला. गावची शाळा म्हणजे एक मास्तर आणि त्यांची झोप. पोरगं हुशार. नवरा-बायको दोघंही ओट्याशी उभं राहून बोलली, आणि नवराच म्हणाला, "तू घेऊन जा त्याला शहरात. चौथीपर्यंत. पाया पक्का होऊ दे, मग आणू परत."

चौथी झाली. पोरगं वर्गात पहिलं आलं. आता मोडायचं म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. मग सातवीपर्यंत. सातवीनंतर तर सोडण्याची भाषाच कुणी काढली नाही, दहावी समोर दिसत होती. दहावीनंतर बारावी ही काय सांगायची गोष्ट आहे? इयत्ता वाढत गेली तसतसा संसार दोन ठिकाणी वाढत गेला. एका आड एक रविवारी तो पिशवी घेऊन यायचा, पोराच्या वह्या उलट्यासुलट्या करून बघायचा, काही कळलं नाही तरी "वा" म्हणायचा, आणि ऊन उतरलं की "निघतो मग" म्हणून उठायचा. पंप बंद पडला तर गावाचं पाणी तुटलं असतं. त्याचं निघणं खरंच होतं.

बाईनं सुरुवातीला एक खोली शोधली ती स्वतःसाठी. मग वर्गातल्या दुसऱ्या आईसाठी, मग तिच्या नणंदेसाठी. असं करता करता धंदा उभा राहिला. पोरगं शाळा संपवून कॉलेजात गेलं, कॉलेज संपवून परदेशात गेलं, तिथंच नोकरी, तिथंच लग्न.

आणि मग काहीच झालं नाही. तिला वाटलं, तो म्हणेल, ये आता. त्याला वाटलं, ती म्हणेल, येते आता. दोघांनी वाट बघितली. तिचा हंगाम आला, त्याच्याकडं नवा पंप बसला, आणि वाट बघायचीसुद्धा सवय झाली. भांडण झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. न झालेलं भांडण मिटवणार कोण?

रविवारही विरळ होत गेले. सणावाराला फोन, आजारपणाला फोन.

असाच एक फोन आला. बाई एका घरमालकाच्या जिन्यात उभी होती. फोनवर "पंप" असं नाव उमटलं. तिनं सवयीनं फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"ऐकतेस का? पुढच्या महिन्यात मी मोकळा होतोय. क्वार्टर सोडायचीय."

"हो, माहितीय मला. तुम्हीच सांगितलं होतं."

"तर मला एक खोली बघ."

"खोली?"

"लहान चालेल. पाणी नीट पाहिजे."

"कुणाला?"

"मला! अजून कुणाला? तुझ्याच भागात बघ. तुझ्या बघण्यात असतातच की."

जिन्यात घरमालक कान टवकारून उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. बाई म्हणाली, "बघते," अगदी गिऱ्हाइकाला म्हणते तशी, आणि फोन ठेवला.

"एकटा आहे का?" घरमालकानं विचारलं. "एकटा असेल तर मी देत नाही हो. शाळेचा भाग आहे."

"तुमच्याकडं नाही मागितली," बाई म्हणाली.

घरी आल्यावर ती गॅलरीत बसली. समोर शाळेचं मैदान रिकामं होतं. तुझ्या भागात बघ, असं तो म्हणाला होता. तुझ्याकडं येतो, असं नव्हता म्हणाला. तिला म्हणता आलं असतं की, अहो, खोली कशाला, आहे ना इथं. एवढंसं तर वाक्य. पण इतक्या वर्षांत जे त्यानं मागितलं नाही ते आपण होऊन पुढं करायचं, आणि तो नको म्हणाला तर? खोली नको म्हणणं वेगळं. बाई नको म्हणणं वेगळं. आणि तो नको म्हणेल तर केवढ्यानं म्हणेल! चार मजल्यांना ऐकू जाईल.

परदेशातून मुलाचा फोन आला. "आई, बाबा आता तुझ्याकडंच येणार ना?"

"बघू."

"बघू काय, बघू? एवढ्या घरांत माणसं बसवलीस तू..."

"म्हणून तर म्हणतेय, बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटाची उजवी बाजू रिकामी केली. जुन्या साड्या शिवणकामवालीला देऊन टाकल्या. फळ्या पुसल्या, कागद घातले. गॅलरीतली अडगळ काढली, तिथं खुर्ची मावेल का ते पावलांनी मोजून बघितलं. बोलायचं ते खोलीकडून वदवून घ्यायची तिला सवय होती. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. तिनं ठरवलं, याला रीतसर तीन खोल्या दाखवायच्या. तिसरी आपली.

तो आला तो तीच पिशवी घेऊन. केस पांढरे झालेले, कानात मात्र अजून पंप.

"चल, दाखव!" तो रस्त्यातच म्हणाला. दोन शाळकरी मुली दचकून बाजूला झाल्या.

"हळू बोला."

"हळूच बोलतोय की!"

पहिली खोली जिन्याखालची होती. भिंतीला ओल, दार अर्धंच उघडायचं. आजवर एकाही गिऱ्हाइकानं तिथं दुसरा श्वास घेतला नव्हता. त्यानं भिंतीवर हात ठेवला, वास घेतला.

"नळाची ओल नाही ही. बाहेरची आहे. प्लास्टर मारलं की बसेल. चांगली आहे."

"चांगली?" बाई म्हणाली. "अहो, दार बघा."

"अर्धं उघडतंय. मी अर्धाच राहिलोय आता."

"चला, दुसरी बघू."

दुसऱ्या खोलीची खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर भिंत. छताच्या कोपऱ्यात चांगला रुपयाएवढा कोळी बसलेला.

"उजेड नाही हो इथं," बाई म्हणाली. आजवर तिनं आपल्या तोंडानं आपल्या मालाला नावं ठेवली नव्हती.

"पंपघरात कुठं होता उजेड?"

"नि तो कोळी बघितलात का केवढा आहे!"

"असू दे की. सोबत होईल."

"ही नको."

"का नको? तूच दाखवलीस ना?"

"दाखवली म्हणजे घ्यायचीच असते का?" बाई चिडली. "पहिल्या दोन घ्यायच्या नसतात. कुणीच घेत नाही."

"मग दाखवतेस कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते द्यायचं नव्हतं. ती नुसतीच पुढं चालायला लागली. वळणं घेत घेत ती तिच्या इमारतीपाशी आली, तेव्हा त्याची पावलं मंदावली. हा जिना त्याच्या ओळखीचा होता. तिनं कुलूप उघडलं आणि गिऱ्हाइकासाठी व्हावं तशी दारातून बाजूला झाली.

"ही तिसरी."

त्यानं चपला बाहेर काढल्या. आत गेला. आणि जणू पहिल्यांदाच बघतोय अशी त्यानं ती खोली बघितली. ओट्यापाशी जाऊन नळ सोडला, धारेखाली तळहात धरला, नळ बंद केला. खिडकीची कडी लावून बघितली. गॅलरीत डोकावला. तिथं त्याच्यासाठी केलेली जागा रिकामी होती, पण रिकाम्या जागेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. मग त्यानं आत नजर फिरवली. पलंगाच्या उशाशी स्टूल, स्टुलावर चष्मा, पाण्याचा पेला, औषधाची डबी, सगळं एका माणसाच्या हाताच्या टप्प्यात. दोरीवर एक टॉवेल. खिडकीकडं तोंड केलेली एक खुर्ची. कपाट बंद होतं. ते त्यानं उघडलं नाही. पाहुण्यानं कसं उघडावं?

"पाणी चांगलं आहे," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. "खोलीही चांगली आहे. तिन्हींत हीच चांगली."

बाई दाराची चौकट धरून उभी होती.

"पण इथं कुणीतरी राहतंय."

त्यात टोमणा नव्हता. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेला माणूस बोलतो तसं तो बोलला. मग म्हणाला, "उगाच त्या माणसाची अडचण व्हायची."

"हो," बाई म्हणाली. "राहतंय खरं."

तो चपला घालून जिना उतरायला लागला. विचारून तरी बघा त्या माणसाला, हे वाक्य तिच्या ओठावर आलं, तेव्हा तो खालच्या मजल्यावर पोचला होता.

मग तिनं त्याला खरंच खोली बघून दिली. लॉन्ड्रीच्या वरची. खाली दिवसभर शाळेचे गणवेश धुणारी यंत्रं फिरत असायची. त्या खोलीत दोन भाडेकरू टिकले नव्हते, झोप लागत नाही म्हणायचे. पंपवाले आत शिरले, जमिनीवर उभे राहिले, आणि त्यांच्या तळपायाला ती थरथर लागली तसा त्यांचा चेहरा सैल झाला.

"ही," ते म्हणाले.

लॉन्ड्रीची मालकीण जाडजूड, हसरी, पण कायद्याला पक्की. कपड्यांच्या गाठोड्यावर कोपर टेकून तिनं विचारलं, "फॅमिली आहे ना?"

एकट्या पुरुषाला त्या भागात खोली मिळत नसे. बाईला हे कुणी सांगायला नको होतं. तिनंच कितीतरी जणांना वाटेला लावलं होतं.

"आहे," बाई म्हणाली.

"कुठंय?"

"येईल मागनं. तिची जरा आवराआवर चाललीय."

पंपवाले खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

त्याचं सामान एका हातगाडीत मावलं. बाईनं किल्ली हातात दिली आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला देते तसे दोन शब्द दिले, कचऱ्याची गाडी कधी येते आणि पाणी कधी जातं. मग ती घरी गेली.

आता दोघांत दोन गल्ल्या होत्या. पूर्वी मध्ये बस होती, नदी होती, पंप होता. लांबच्याला निदान म्हणता येतं, लांब आहे म्हणून जमत नाही. दोन गल्ल्यांवरच्याला काय म्हणायचं? ती घरी पोचायची, दिवा लावायची, तेव्हा त्याचाही दिवा लागला असेल असं तिच्या मनात यायचं. दोन पावलं टाकली असती तर कळलंही असतं. पण काय म्हणून जायचं? खोली देऊन झाल्यावर दलालाचं काय काम?

एकदा भाजीच्या गाडीवर गाठ पडली. तो वांगी निवडत होता. एकेक वांगं उचलायचा, ठोकून बघायचा, पाइप ठोकावा तसा.

"बरंय ना?" बाई म्हणाली.

"बरंय!"

"पाणी?"

"येतं. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता, मी बसवून दिला."

भाजीवालीनं दोघांकडं बघितलं. "फाटकबाई, हे कोण हो? नवं गिऱ्हाईक?"

बाईच्या तोंडून निघून गेलं, "हो. लॉन्ड्रीवर दिलंय त्यांना."

धंद्याची जीभ. विचार करायच्या आधी चालते. त्यानं निवडलेली वांगी मुकाट्यानं पिशवीत टाकली, "निघतो" म्हणाला आणि गेला. एवढ्या हळू आवाजात म्हणाला की भाजीवालीला ऐकूच गेलं नाही. ती म्हणाली, "घुमा दिसतोय."

त्या रात्री बाईनं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

पुढं प्रवेशाचे दिवस आले. एक तरुण बाई आली, काखेत पोरगी. "मावशी, मी नि ही दोघीच राहणार. ह्यांची नोकरी तिकडं लांब आहे. चौथीपर्यंतच काढायचंय, मग बघू." फाटकबाई तिच्याकडं बघत राहिली. एरवी म्हणायची तसं "करावं लागतं हो पोरांसाठी" ती म्हणाली नाही. तिनं शहराच्या कडेची, शाळेपासून लांबची, पण नवऱ्याला रोज जाऊन-येऊन करता येईल अशी एक जागा सुचवून बघितली. तरुण बाईला राग आला. "फाटकापासून किती लांब पडेल ते! तुम्हीच ना सांगता, रडत्या पोराचं अंतर बघा म्हणून?" आणि ती दुसऱ्या दलालाकडं गेली. बाईचं म्हणणं तिच्याच गळ्यात आलं. त्यात त्या पोरीचं काय चुकलं?

त्याच आठवड्यात दुपारी फोन आला.

"ऐकतेस का?" त्याचा आवाज खाली होता. फोन कानाला लावावा लागला. "मालकीण वर आलीय. खुर्चीत बसलीय. म्हणते, महिना उलटला, बायको कुठंय? नसेल तर खोली सोडा म्हणते."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"येतेय म्हटलं."

"कोण?"

फोनवर नुसती यंत्राची घरघर ऐकू आली. मग तो म्हणाला, "तूच सांगितलंस ना तिला, मागनं येईल म्हणून?"

बाईनं एका गिऱ्हाइकाला दारातच थांबवून ठेवलं होतं. त्याला "उद्या या" म्हणाली. चपला पायात अडकवल्या. दोन गल्ल्या होत्या. तिला त्या दोन गावांएवढ्या वाटल्या.

मालकीण खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत ऐसपैस बसली होती. पंपवाले भिंतीला टेकून उभे, शाळेत उभं केल्यासारखे.

"अगंबाई, फाटकबाई! बरं झालं आलात. तुम्हीच सांगा आता. तुमच्या शब्दावर दिली मी खोली. कुठंय हो ह्यांची बायको?"

बाईला दम लागला होता.

"मीच," ती म्हणाली.

मालकिणीनं तिच्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग परत तिच्याकडं. "थट्टा करताय?"

"नाही हो. मीच आहे."

"अहो, तुम्हाला नवरा आहे?" मालकीण खुर्चीत पुढं सरकली. "इतकी वर्षं बघतेय मी तुम्हाला! मग तुम्ही तिकडं, हे इकडं, असं का? भांडलाबिंडलात की काय?"

"छे, छे!" पंपवाले एकदम मोठ्यानं म्हणाले. "भांडण कधीच नाही! मुलाच्या शाळेसाठी वेगळे राहिलो."

"हां, मग ठीक. तसं करतात हो लोक. कितवीत आहे मुलगा?"

खाली एक यंत्र थांबलं.

"झाली त्याची शाळा," बाई म्हणाली.

"कधी?"

"बरीच वर्षं झाली," पंपवाले म्हणाले. "त्याचीच मुलगी पहिलीत गेली आता."

मालकिणीचं तोंड उघडं राहिलं. काहीतरी विनोद करायचा तिच्या मनात आला असावा, पण तिनं तो केला नाही. पदर सारखा केला, आणि एकदम पाहुणीसारखी म्हणाली, "चहा तरी पाजा मग."

बाई ओट्याकडं वळली. भांडं कुठंय, गाळणी कुठंय, चहाची पूड कुठल्या डब्यात, तिला काहीच माहीत नव्हतं. आणि विचारायची सोय नव्हती, मागं मालकीण बसली होती. तिनं एक डबा उघडला, त्यात तांदूळ. दुसऱ्यात खिळे आणि वायसर. तेव्हा तो पुढं आला, त्यानं वरच्या फळीवरून पूड काढून दिली, मागच्या बाजूनं साखरेची लहानशी पुडी काढून दिली, आणि परत भिंतीला जाऊन टेकला. त्याला दोन चमचे साखर लागायची. एवढं तिला पक्कं आठवत होतं. तिनं दोन चमचे घातले.

कप दोनच होते. बाईनं स्वतःसाठी पेल्यात ओतला. मालकिणीनं बशीत चहा निववत दोघांना न्याहाळलं. त्यानं सगळा कप संपवला, शेवटच्या घोटापर्यंत.

"बाईमाणूस घरात असेल तर माझं काही म्हणणं नाही," मालकीण उठता उठता म्हणाली. "पण दिसली पाहिजे हो. मी खालीच असते दिवसभर, मला जिना दिसतो."

ती गेली. जिन्यावर तिची पावलं धपधपत उतरली. खालचं यंत्र पुन्हा सुरू झालं आणि ओट्यावरच्या कपबशा बारीक किणकिणायला लागल्या. बाईनं त्या विसळायला घेतल्या.

"मी साखर सोडलीय," तो मागून म्हणाला. "पाच-सहा वर्षं झाली असतील. डॉक्टरांनी बंद केलीय."

बाईचा हात थांबला. "मग प्यालात कशाला?"

"मालकीणबाई बघत होत्या ना."

तिनं कप पालथे घातले. हात पुसायला काही सापडेना. त्यानं दोरीवरचा टॉवेल काढून दिला. तिनं हात पुसले आणि टॉवेल परत कुठं टाकायचा ते न कळून तसाच हातात धरला.

"उद्या बिनसाखरेचा करीन," ती म्हणाली.

"उद्या?" त्यानं विचारलं. "उद्या कशाला? त्या काय रोज वर येणारेत?"

बाईनं खिडकीतून खाली बघितलं. मालकीण गाठोडी मोजत होती, तिचं जिन्याकडं लक्षही नव्हतं.

"मला इथल्या सगळ्या मालकिणी माहीत आहेत," फाटकबाई म्हणाली. "रोज बघतात."

"रोज?"

"रोज."

मग त्यानं खुर्ची ओढून खिडकीपाशी ठेवली, तिच्यावर नसलेली धूळ हातानं झटकली, आणि परक्या माणसाला वेळ विचारावी तसं अदबीनं विचारलं, "संध्याकाळची बरी पडेल का तुला?"